अ‍ॅव्हरेज पायात असते



ऊस विकास विभागाकडून या पानावर एरवी बेणे, सरी, खत आणि पाणी हेच विषय येतात. या वेळी आम्ही मोटारगाडीवर लिहीत आहोत, त्याला कारण आहे. गेल्या तीन-चार वर्षांत आपल्या कार्यक्षेत्रातल्या गावांत हायब्रीड गाड्या दिसू लागल्या. कोणी उसाच्या बिलाला कर्जाची जोड देऊन घेतली, कोणाच्या नोकरीवाल्या मुलाने घेऊन दिली. गट ऑफिसला नोंदीच्या कामाला आलेले सभासद उसाचे बोलून झाले की गाडीचे काढतात, आणि बहुतेकांचा सूर एकच असतो. "साहेब, कंपनी सांगती अठ्ठावीस अन् गाडी देती अठरा. पेट्रोलमध्ये इथेनॉल घातल्यापासून सगळं वाटोळं झालं."

ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही. इथेनॉल म्हणजे आपला ऊस. आपल्याच सभासदाने आपल्याच मालाला नावे ठेवली, तर बाहेरच्याला काय सांगणार? म्हणून या तक्रारीत खरे किती आणि सवयीचा दोष किती, याचा हिशेब मांडणे आम्हाला अगत्याचे वाटते. आमचे मत आधीच सांगून टाकतो. इथेनॉलमुळे अ‍ॅव्हरेज थोडे उतरते, हे खरे आहे. पण गाडी हाकण्याच्या पद्धतीने ते त्याहून बरेच जास्त उतरते, आणि ती पद्धत बदलायला एक पैसाही खर्च येत नाही.

बी नवे, मशागत जुनी

हायब्रीड हा शब्द आपल्या भागाला नवा नाही. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली आणि पुढे गावोगाव अशा ज्वारीला 'हायब्रीड' हेच नाव पडले. जुन्या सभासदांना आठवत असेल, ज्यांनी बी नवे आणले पण मशागत जुनीच ठेवली, त्यांच्या पदरात फारसे काही पडले नाही. उसाचेही तेच. एकाच को ८६०३२ मधून एक जण एकरी तीस टन काढतो आणि त्याच्या बांधाला बांध असलेला दुसरा साठ टन. बेणे तेच, जमीन तीच, फक्त हात वेगळा. हायब्रीड गाडीची गत अशीच आहे.

या गाडीत पेट्रोलच्या इंजिनाबरोबर विजेची मोटर आणि बॅटरी असते. बाहेरून चार्जिंग लागत नाही. हळू चालताना मोटर गाडी ओढते, जोर लागला की इंजिन सुरू होते, आणि ब्रेक लावला की तीच मोटर उलटे काम करून वीज तयार करते व बॅटरीत भरते. जपानमध्ये टोयोटाने १९९७ च्या डिसेंबरात 'प्रियस' ही अशी गाडी बाजारात आणली. आपल्याकडे २०२२ मध्ये मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर आल्या, तेव्हापासून या गाड्या सामान्य माणसाच्या टप्प्यात आल्या. एक गोष्ट मात्र तपासून घ्या. काही गाड्यांवर 'हायब्रीड' लिहिलेले असते, पण त्यांची छोटी मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते, एकटी गाडी ओढू शकत नाही. तशा गाडीकडून अठ्ठावीसची अपेक्षा धरणे चूक आहे.

आता तो अठ्ठावीसचा आकडा. ग्रँड व्हिटारा हायब्रीडसाठी लिटरला २७.९७ किलोमीटर असे जाहीर झाले होते. हा आकडा खोटा नाही, पण तो रस्त्यावरचा नाही. ज्या चाचणीत तो मिळाला, ती रोलरवर, बंद जागेत, एसी बंद ठेवून होते. तिच्यात सर्वांत जास्त वेग ताशी ९० किलोमीटर असतो आणि सरासरी वेग त्याहून पुष्कळ कमी. आपण गढीमार्गे छत्रपती संभाजीनगरला निघतो, एसी फुल्ल, आत पाच माणसे आणि चौपदरी लागला की काटा ११० वर. मग प्रयोगशाळेतला आकडा येणार कसा? कृषी विद्यापीठाच्या प्लॉटवरचा उतारा आपल्या रानात न मशागत करता मागण्यातला हा प्रकार आहे.

ब्रेकमध्ये काय जाते

ही एक गोष्ट नीट समजली तर पुढचे सगळे आपोआप समजेल. पळणाऱ्या गाडीत जी ताकद साठलेली असते, ती वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणजे वेग ४० चा ८० झाला की ताकद दुप्पट नाही, चौपट होते. दीड टनाची गाडी ८० च्या वेगात असताना तिच्यात जी ताकद असते, ती आणायला साधारण पस्तीस-चाळीस मिलिलिटर पेट्रोल लागते. तेवढ्या पेट्रोलमध्ये गाडी पाऊण ते एक किलोमीटर चालली असती. साध्या गाडीत तुम्ही ब्रेक दाबला की ते सगळे ब्रेकच्या पट्ट्या तापवण्यात गेले.

हायब्रीड यातले काही परत मिळवते, सगळे नाही. चाकातून मोटरमध्ये, मोटरमधून बॅटरीत, बॅटरीतून परत मोटरमध्ये आणि पुन्हा चाकात, प्रत्येक टप्प्यावर तूट आहे. आपल्याला हे कालव्यावरून कळते. माजलगाव धरणातून सोडलेले पाणी कालवा, वितरिका, चारी करत शेवटच्या शेतात पोचेपर्यंत किती मुरते, हे शेवटच्या टोकाच्या सभासदाला विचारा. तेव्हा ब्रेक लावून वीज परत मिळवणे चांगले, पण मुळात ब्रेकची वेळच न आणणे त्याहून चांगले. "हायब्रीड आहे, ब्रेक लावला की चार्ज होती," म्हणून जोरात पळवायची अन् करकचून थांबवायची, हा अगदी उलटा व्यवहार झाला.

जुना गाडीवान हे न शिकता जाणत होता. ओढा आला की तो आधीच कासरा सैल-घट्ट करून बैलांची चाल जुळवून घ्यायचा. बैल पळवून ऐन काठावर कासरा ओढणाऱ्याला लोक शहाणा म्हणत नसत.

पाय कसा वापरावा

गाडी उचलताना. एकदम रेस करू नये, पण मुंगीच्या चालीनेही नेऊ नये. मीटरमध्ये चार्ज, इको आणि पॉवर असे पट्टे असतात. काटा इकोच्या पट्ट्यात ठेवून गाडी मध्यम गतीने वेगावर आणावी. काही जण इंजिन सुरूच होऊ नये म्हणून रांगत चालवतात. बॅटरीतली वीज फुकट आलेली नाही. ती संपली की इंजिनालाच पेट्रोल जाळून ती भरावी लागते. इंजिन कधी चालवायचे हे गाडीला ठरवू द्यावे.

वेगावर आल्यावर. पाय थोडा सैल सोडावा. सपाट रस्त्यावर आणि उताराला पाय हलका केला की इंजिन बंद होते आणि गाडी तशीच वाहत जाते. पाय एवढाच ठेवावा की काटा ना चार्जमध्ये जाईल ना पॉवरमध्ये. आठ-दहा दिवस लक्ष दिले की पायाला ते वळण पडते.

थांबताना. तेलगावच्या रस्त्याने जाताना गतिरोधक कुठे कुठे आहेत हे आपल्याला पाठ आहे. मग ब्रेकर दहा पावलांवर येईपर्यंत रेस कशाला? दोनशे-तीनशे मीटर आधी पाय काढावा, गाडी आपोआप मंदावते, आणि शेवटी हलका, लांब ब्रेक द्यावा. हलक्या ब्रेकमध्ये मोटर वीज गोळा करते. जोराच्या ब्रेकमध्ये काम पट्ट्यांवर जाते आणि वीज हातची सुटते.

वेग. हवेचा अडथळाही वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० ऐवजी १०० ने गेलात की हवा दीडपटीहून जास्त अडवते. हायब्रीडचा खरा फायदा गावात, गर्दीत, थांबत-निघत चालण्यात आहे. एकसारख्या मोठ्या वेगात तिला काम पेट्रोलवरच करावे लागते. तेव्हा मोठ्या रस्त्यावर ८० धरून चालणे हाच तिथला उपाय. संभाजीनगरला पंधरा-वीस मिनिटे उशिरा पोचाल, पण खिसा शाबूत राहील.

घाटात. किल्ले धारूरहून तेलगावकडे उतरताना काही जण गाडी न्यूट्रल करतात. साध्या गाडीतही हे वाईट. गियरमध्ये पाय काढला की आजच्या इंजिनात इंधन बंदच होते, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहून ते जळत राहते. हायब्रीडमध्ये तर न्यूट्रल केले की बॅटरीत वीज जायची थांबते, म्हणजे फुकटचा घाट वाया. वरून जीवाला धोका तो वेगळाच. उतरताना गाडी 'डी' मध्येच ठेवावी. उतार लांब असेल आणि बॅटरी भरली असे दिसले, तर 'बी' मध्ये घ्यावी, म्हणजे इंजिन गाडीला आवरून धरते आणि ब्रेक तापत नाहीत. सपाट रस्त्यावर 'बी' चे काही काम नाही.

एसी आणि ऊन. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये एसी बंद ठेवा असे आम्ही सांगणार नाही. पण गाडी सावलीला लावावी, निघताना काचा उघडून मिनिटभर गरम हवा बाहेर जाऊ द्यावी, मग एसी लावावा. गाडी उभी करून एसीत गप्पा मारल्या तर इंजिन मधून मधून सुरू होणारच. आणखी एक गोष्ट. बऱ्याच हायब्रीड गाड्यांत मागच्या सीटजवळ बॅटरी गार ठेवण्यासाठी हवेची जाळी असते. तिच्यावर खताची पोती, पिशव्या रचू नयेत, तिथली धूळ साफ ठेवावी. बॅटरी तापली की ती वीज घ्यायला आणि द्यायला कुचराई करते.

हवा आणि ओझे. टायरची हवा गाडी थंड असताना पंधरा दिवसांनी तपासावी. किती ठेवायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेले असते. डिकीत महिनोन् महिने पडलेली मोटरीची पेटी आणि पाइपाचे तुकडे काढून टाकावेत. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा अंदाज असा की दर ४५ किलो जादा वजनामागे अ‍ॅव्हरेज सुमारे एक टक्का उतरते.

छोट्या खेपा. थंड इंजिन जास्त पेट्रोल खाते. सकाळी बँक, दुपारी खताचे दुकान, संध्याकाळी बाजार अशा तीन खेपा माजलगावला करण्यापेक्षा एका खेपेत तिन्ही कामे उरकावीत.

हे सगळे करून किती फरक पडतो? आताच सांगितलेल्या अमेरिकन खात्यानेच म्हटले आहे की आडदांड चालवण्याने मोठ्या रस्त्यावर १५ ते ३० टक्के आणि थांबत-निघत चालण्यात १० ते ४० टक्के अ‍ॅव्हरेज जाऊ शकते. आपण आपला हिशेब करू. वर्षाला १५ हजार किलोमीटर गाडी चालते असे धरा. १८ च्या अ‍ॅव्हरेजने ८३३ लिटर लागतात, २३ ने ६५२. फरक १८० लिटरचा. लिटरला १०० रुपये धरले तरी १८ हजार रुपये. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याची एफआरपी टनाला ३,५५० रुपये ठरली होती. म्हणजे हे पाच टन उसाचे पैसे झाले, तेही तोडणी-वाहतूक वजा न जाता.

दोष पायाचा, बदनामी इथेनॉलची

आता इथेनॉलकडे वळू. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. त्यामुळे मिश्रण वाढले की अ‍ॅव्हरेज काहीसे उतरणार, हे लपवण्यात अर्थ नाही. देशात १० टक्के मिश्रण २०२२ च्या जूनमध्ये पूर्ण झाले आणि २० टक्क्यांचा टप्पा २०२५ मध्ये गाठला. त्याच वर्षी ई-२० बद्दल देशभर तक्रारी गाजल्या. २०२१ च्या जूनमध्ये नीती आयोगाकडून आलेल्या अहवालात याचा अंदाज आधीच दिलेला होता. साध्या पेट्रोलसाठी बनवून १० टक्क्यांना जुळवलेल्या चारचाकीत ६ ते ७ टक्के घट, आणि १० टक्क्यांसाठी बनवून २० ला जुळवलेल्या चारचाकीत १ ते २ टक्के.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. इथेनॉलचे जास्तीत जास्त सहा-सात टक्के, अठ्ठावीसचे सव्वीस होतील. अठ्ठावीसचे अठरा झाले ते कोणामुळे? काही वाटा प्रयोगशाळा आणि रस्ता यांतल्या फरकाचा, आणि उरलेला बहुतेक आपल्या पायाचा.

काही सभासद याच्या उलट बाजूनेही विचारतात. "साहेब, पेट्रोल जास्त जळलं तर इथेनॉल जास्त खपंल, आपलाच फायदा. मग बचत कशाला शिकवता?" प्रश्न चतुर आहे, पण हिशेबात टिकत नाही. जादा जाळलेल्या एका लिटरमध्ये इथेनॉल २०० मिलिलिटर. २०२४-२५ साली रसापासूनच्या इथेनॉलला लिटरला ६५ रुपये ६१ पैसे दर होता. म्हणजे २०० मिलिलिटरचे तेरा रुपये, तेही देशभरच्या सगळ्या डिस्टिलऱ्यांत वाटून आणि खर्च वजा न करता. त्यासाठी तुम्ही आपल्या खिशातून शंभर रुपये घालवायचे! उरलेले चार हिस्से पेट्रोल, आणि आपल्या देशाला लागणारे ८५ टक्क्यांहून जास्त कच्चे तेल परदेशातून येते. इथेनॉल खपवायचे तर मिश्रणाचे प्रमाण वाढवून खपवावे, नासाडी वाढवून नव्हे.

आणि प्रमाण वाढवण्याची वाट हायब्रीडमधूनच जाते असे आम्हाला वाटते. उसाच्या देशात, म्हणजे ब्राझीलमध्ये, टोयोटाने २०१९ मध्ये पेट्रोलवरही आणि इथेनॉलवरही चालणारी हायब्रीड कोरोला आणली. आपल्याकडे २९ ऑगस्ट २०२३ रोजी दिल्लीत नितीन गडकरी यांच्या हस्ते तशाच इनोव्हा हायक्रॉसच्या नमुना गाडीचे अनावरण झाले. इथेनॉलने कमी झालेले अ‍ॅव्हरेज हायब्रीड भरून काढते, अशी ही जोडी आहे. पण ८५ टक्के इथेनॉलवर गाडी चालवायची वेळ आली, तर लिटरमागची ऊर्जा चौथ्या हिश्श्याने कमी असणार. तेव्हा आजच्या पायाने चालवली तर लोक पुन्हा इथेनॉललाच शिव्या देतील, आणि त्या शिव्यांनी मागणी पडली तर फटका उसाच्या दराला बसेल. म्हणून हे शिक्षण आजच व्हायला हवे, आणि ते ऊस उत्पादकाच्या घरातून सुरू व्हावे.

ट्रॅक्टरला बॅटरी नाही

हायब्रीड गाडी आज मोजक्या सभासदांकडे आहे. ट्रॅक्टर मात्र दर गावात आहेत, आणि हंगामात तेच रस्त्यावर असतात. ट्रॅक्टर आणि भरलेल्या दोन ट्रॉल्या मिळून पंचवीस टन वजन ताशी २० च्या वेगाने चालले असेल, तर ते एकदा थांबवून पुन्हा त्या वेगावर आणायला पस्तीस-चाळीस मिलिलिटर डिझेल लागते. इथे परत मिळवायला मोटर नाही की बॅटरी नाही. गेले ते गेलेच. म्हणून गतिरोधकाच्या आधी पाय काढणे, अंतर ठेवून चालणे, ही हायब्रीडची शिस्त ट्रॅक्टरला जास्त लागू आहे.

रिकाम्या ट्रॉल्या नेताना वरचा गियर आणि कमी रेस ठेवावी. भरलेल्या ट्रॉल्यांसह चढाला मात्र इंजिन गुदमरू देऊ नये. काळा धूर दिसला की खालचा गियर घ्यावा. क्लचवर पाय ठेवून चालवू नये. हंगामातल्या धुळीत एअर फिल्टर वेळच्या वेळी साफ व्हावा, ट्रॉलीच्या बेअरिंगला ग्रीस असावे. उताराला न्यूट्रल करणे हा तर गुन्हाच समजावा. मागून दोन ट्रॉल्या ढकलत असतात.

सगळ्यांत मोठी नासाडी यार्डात होते. नंबर लागायला तास-तास जातो, आणि ट्रॅक्टर उभ्या जागी धडधडत असतो, कधी नुसता टेप वाजवायला. सगळे ट्रॅक्टर धरले तर हंगामात किती डिझेल गेले, याचा विचार ज्याने त्याने करावा.

"ते डिझेल कंत्राटदाराचं, आपल्याला काय?" असे कोणी म्हणेल. वाहतूकदाराला टन आणि अंतरावर पैसे मिळतात, तेव्हा वाचलेले डिझेल आधी त्याच्याच खिशात राहील, हे कबूल. पण दर वाढवून मागताना डिझेलचाच दाखला पुढे येतो, आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च अखेर सभासदाच्या बिलातून वजा होतो. शिवाय कितीतरी वाहतूकदार आपल्याच सभासदांची मुले आहेत.

आमच्या सूचना

संचालक मंडळाने तीन गोष्टींचा विचार करावा, अशी आमची नम्र विनंती आहे. एक, गाळप सुरू होण्याआधी ट्रॅक्टर ड्रायव्हरांसाठी एक दिवसाचे शिबिर घ्यावे, त्यात प्रत्यक्ष ट्रॉल्या जोडून दाखवावे. दोन, यार्डात उभ्या वाहनाचे इंजिन बंद ठेवण्याचा नियम करून लाऊडस्पीकरवर तो रोज सांगावा. तीन, कारखान्याच्या गाड्यांचे अ‍ॅव्हरेज दर तिमाहीला याच अंकात छापावे. सुरुवात आमच्या विभागाच्या गाड्यांपासून व्हावी. लोकांना सांगणाऱ्याने आधी आपला आकडा दाखवावा, हे रास्तच आहे.

सभासदांना आमचे सांगणे एवढेच. मीटरमधल्या आकड्यावर विसंबू नका. टाकी फुल्ल करा, किलोमीटर लिहून ठेवा, पुढच्या वेळी त्याच पंपावर फुल्ल करा, आणि किलोमीटरला लिटरने भागा. एक टाकी नेहमीच्या सवयीने चालवा, पुढच्या दोन टाक्या वर सांगितल्याप्रमाणे. तिन्ही आकडे गट ऑफिसला कळवा. आलेले आकडे, बरे असोत वा वाईट, जसेच्या तसे छापण्याची शिफारस आम्ही करू. मग इथेनॉलवर जे काही बोलायचे ते आपण आकडे हातात घेऊन बोलू.

– ऊस विकास अधिकारी